तापाचा पाचवा दिवस

तंजावरच्या मराठी घरांत मूल आजारी पडलं की अंग किती तापलंय हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे, "आज कितवा दिवस?" मेलराजवीथीवरच्या आमच्या घरी आजीने या दिवसांचं सगळं वेळापत्रक ठरवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी पोटाला विश्रांती, फार तर भाताची पेज. दुसऱ्या दिवशी सुंठ, मिरी आणि तुळशीचा काढा. तिसऱ्या दिवशी निलवेंबूचा कडूजहर कषाय. कोकणात ज्याला किराईत म्हणतात तेच हे झाड. पाचव्या दिवशीही ताप हटला नाही की वैद्याकडे निरोप जायचा. अंगावर पुरळ उठलं तर मात्र हिशेबच वेगळा. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या, स्वयंपाकघरात फोडणी बंद, आणि ताप उतरल्यावर विषम दिवस बघून हळद-कडुलिंबाच्या पाण्याने डोक्यावरून पहिली अंघोळ.

पुढे मी मुलांची डॉक्टर झाले आणि तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पंचवीसेक किलोमीटरवर लागणाऱ्या पापनाशममध्ये दवाखाना घातला. शिकलेल्या लोकांना आजीची ही मोजणी जुनाट वाटते, मला कधीच वाटली नाही. माझ्या कामातला सगळ्यांत अवघड निर्णय अशाच मोजणीवर उभा आहे. तो निर्णय कावासाकी आजाराचा. पाच वर्षांखालच्या मुलांना बहुतकरून होणारा हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. मध्यम आकाराच्या धमन्या सुजतात, त्यातही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या. उपचार मिळाला नाही तर चार-पाच मुलांमागे एकाच्या या धमन्यांना फुगा येतो. फुग्यात रक्त साकळलं की लहान पोराला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आणि या आजाराची खूण पटवणारी एकही तपासणी आजवर निघालेली नाही. डॉक्टरच्या हाती येतो तो ताप, अंगावरच्या पाच खुणा आणि घरच्यांनी ठेवलेला दिवसांचा हिशेब.

म्हणून मला या हिशेबाचा इतिहास सांगायचा आहे.

आजीने तो काही मनाने रचलेला नव्हता. आयुर्वेदात संततज्वर म्हणून एक प्रकार सांगितला आहे. न उतरता सलग राहणारा हा ताप वाताचा असेल तर सात दिवस, पित्ताचा असेल तर दहा आणि कफाचा असेल तर बारा दिवस टिकतो. त्या मुदतीत एक तर तो सुटतो, नाही तर रोग्याला घेऊन जातो. देशावरच्या घरांत मुदतीचा ताप म्हणतात त्याचीही हीच जातकुळी. वैद्याने पहिले दिवस लंघन घालायचं, कडक औषध द्यायची घाई करायची नाही, तापाची जात ओळखू येईपर्यंत थांबायचं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल येईपर्यंत टायफॉइडच्या बाबतीत इंग्रजी डॉक्टरही याहून फार वेगळं करू शकत नव्हते. तीन आठवडे रोग्याला सांभाळायचं आणि आतडं फुटू नये म्हणून पातळ खायला घालायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

पुरळ उठणाऱ्या तापाची मालकीण मात्र देवी. तंजावरच्या पूर्वेला पुन्नैनल्लूरची मारियम्मन आहे. तिची कथा भोसल्यांशी बांधलेली आहे. व्यंकोजी महाराजांना देवीने स्वप्नात येऊन पुन्नैच्या रानातली जागा दाखवली आणि १६८० मध्ये त्यांनी तिथे साधं छप्पर उभारलं, असं सांगतात. पुढे तुळजा राजांच्या मुलीची आजारपणात दृष्टी गेली आणि या देवीच्या दारी ती परत मिळाली, म्हणून राजांनी देऊळ बांधलं. देवीच्या साथीत डोळे जाणं त्या काळी नवलाचं नव्हतं. वारुळाच्या मातीच्या या मूर्तीच्या चेहऱ्यावर उन्हाळ्यात घामाचे थेंब उभे राहतात, आणि देवीने लेकरांचा ताप स्वतःच्या अंगावर घेतला असं बाया मानतात. देशातला देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. रोग गेला, पण पुरळाचा मान गेला नाही. गोवर असो, कांजिण्या असो, एखाद्या औषधाची रिअॅक्शन असो, पापनाशमच्या आसपासच्या खेड्यांत अंगावर लाल उठलं की आजही आधी "अम्मै", म्हणजे देवी आली, म्हणतात आणि सुई टोचून घ्यायला कचरतात. मी यावर कुणाला रागावत नाही. कडुलिंबाच्या डहाळीने कुणाचं वाईट होत नाही. दिवस वाया गेले तर मात्र होतं.

आता दुसऱ्या सरफोजी राजांकडे येते. तंजावरचा मराठी माणूस औषधाविषयी बोलायला बसला आणि त्यांचं नाव निघालं नाही असं होत नाही.

१७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. हाती उरला तो किल्ला, थोडा परिसर आणि नेमणूक. पापनाशमचा हा सगळा भाताचा पट्टा कलेक्टरच्या वहीत जमा झाला. राज्य गेलेल्या या राजाने उरलेली बत्तीसेक वर्षं ग्रंथ जमवण्यात, छापखाना चालवण्यात आणि वैद्यकात घातली. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालेलं. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले तेव्हा हा राजा लव्हाझिए आणि लिनिअसचे दाखले देत बोलतो हे पाहून ते थक्क झाले. राजवाड्यात धन्वंतरी महाल उभा राहिला. तिथे आयुर्वेदाचे, सिद्ध परंपरेचे, युनानीचे आणि युरोपीय पद्धतीचे वैद्य एका छपराखाली काम करत. औषधं बनवून ती रोग्यांना देऊन बघत, आणि गुण आलेले पाठ लिहून ठेवत. तेच पाठ पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. सरस्वती महालाने 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने त्यांचे भाग छापले आहेत, त्यांत गर्भिणी आणि बालरोगांवरचाही एक आहे.

सरस्वती महालात सरफोजी राजांच्या काळातले नेत्ररोग्यांचे कागदही आहेत. काही इंग्रजीत, काही मोडीत, सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. रोग्याची तक्रार काय, कोणतं औषध घातलं, काय फरक पडला, हे माणसागणिक लिहिलेलं आहे. लाल झालेला डोळा, पांढरं पडलेलं बुबुळ चित्रकाराने जसं दिसलं तसं रंगवलं आहे. तंजावरच्या सोन्याच्या वर्खाच्या चित्रांची जगभर वाहवा होते, पण वैद्याच्या शेजारी बसून एका गरीब माणसाचा सुजलेला डोळा काढणारा तो चितारी मला जास्त मोठा वाटतो. नोंद कशी ठेवावी याचा याहून चांगला धडा मला वैद्यकीय महाविद्यालयातही मिळाला नाही.

मुलांचा उल्लेख दुसऱ्या एका कागदात येतो. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिलं. कंपनीने छत्रांना हात लावू नये, ती आपल्या घराण्याकडे राहू द्यावीत, अशी त्यांची विनंती होती. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. तिथे काय काय चालतं हे राजांनी त्यात सविस्तर सांगितलं आहे: आजारी वाटसरूला जागेवर औषधपाणी, बाळंतिणीची सोय, तान्ह्या मुलांना दूध. परक्यांची पोरकी झालेली मुलं छत्रातल्या पंतोजीच्या हवाली केली जात, त्यांना तीन वेळ जेवण आणि ठरल्या दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणं, दुखलंखुपलं तर औषध. पुढच्या वर्षी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभं राहिलं तेही याच रीतीचं. रामेश्वरच्या वाटेवर ज्याचे आईबाप दगावले असं एखादं तीन वर्षांचं पोर तापाने फणफणलं असेल तेव्हा कपाळावर हात ठेवून "आज कितवा दिवस" असं विचारणारं कुणीतरी त्या छत्रात होतं. हाताशी थर्मामीटर नव्हता. खिशात मावणारा थर्मामीटर क्लिफर्ड ऑलबट यांनी इंग्लंडात १८६० च्या दशकात केला, तोवर राजा जाऊन तीन दशकं लोटली होती आणि तंजावर खालसाही झालं होतं.

त्या मुलाला कावासाकी असता तर काय झालं असतं, हा विचार मला अनेकदा छळतो. कारण या आजाराचा ताप औषधाशिवायही उतरतो. उपचार न झालेल्या मुलांत तो साधारण अकरा-बारा दिवस टिकतो आणि मग आपोआप जातो. डोळे निवळतात, ओठांची सालं निघतात, मूल खाऊ लागतं. बारा दिवसांच्या मुदतीचा ताप मुदतीत सुटला म्हणून वैद्याला समाधान, आईला आनंद, देवीला नवस फेडायचा. अशा नोंदीपुढे कुठल्याही प्रामाणिक वैद्याने "बरा" असाच शेरा मारला असता. धमनीला आलेला फुगा हाताला लागत नाही, नाडीत कळत नाही. महिन्याभराने किंवा दहा वर्षांनी ते मूल खेळता खेळता कोसळलं तर त्या मरणाचा जुन्या तापाशी कुणी संबंध जोडला नसता.

हे आपल्याकडेच झालं असंही समजू नये. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज इस्पितळात १८७१ साली सॅम्युअल गी यांनी सात वर्षांच्या एका मुलाचं शवविच्छेदन केलं. हृदयाच्या धमन्यांवर फुगे आलेले होते. हृदय जपून ठेवलं गेलं, पण आजाराला नाव मिळायला आणखी नव्वदहून अधिक वर्षं लागली.

दरम्यान आमच्या जिल्ह्यात तापाचे दिवस मोजायला लावणारे वेगळेच प्रसंग आले. १९३४ साली मेट्टूरचं धरण पुरं झालं आणि नव्या कालव्याचं पाणी पट्टुकोट्टैकडे वळलं. पाण्याबरोबर डास गेले, डासांबरोबर मलेरिया. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पॉल रसेल यांनी त्या दशकात पट्टुकोट्टैला मुक्काम टाकून त्याचा अभ्यास केला. एकाआड एक दिवस येणारी हुडहुडी मोजली की क्विनाइन कुणाला द्यायचं ते समजत असे. मग अँटिबायोटिकं आली आणि मोजणी मागे पडली. तिसऱ्या दिवशी गोळी, पाचव्या दिवशी दुसरी गोळी, सातव्या दिवशी इंजेक्शन. बहुतेक ताप त्याने किंवा त्याविनाही जात, त्यामुळे दिवस लक्षात ठेवायची गरज कुणाला वाटेना.

तोमिसाकु कावासाकी यांनी ती गरज परत आणली. जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या हिरो भागातल्या रेड क्रॉस इस्पितळात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, रक्तासारखे लाल फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, आणि पुढे बोटांच्या टोकांची सालं निघाली. स्कार्लेट फीव्हरच्या चौकटीत हे बसेना. मुलगा घरी गेला, पण कावासाकींच्या डोक्यातून गेला नाही. वर्षभराने तसंच दुसरं मूल आलं. १९६२ मध्ये सात मुलांची माहिती त्यांनी एका सभेत मांडली, वरिष्ठांनी फारसं मनावर घेतलं नाही. ते नोंदी ठेवत राहिले आणि १९६७ साली पन्नास मुलांचा तपशील त्यांनी जपानी भाषेत छापला. त्यात प्रत्येक मुलाचा ताप कितव्या दिवशी किती, पुरळ कितव्या दिवशी, सालं कितव्या दिवशी, असं सगळं होतं. आजार आपोआप बरा होतो असं त्यांनाही तेव्हा वाटत होतं. १९७० च्या देशव्यापी पाहणीत दगावलेली मुलं पुढे आली, त्यांच्या धमन्यांत फुगे आणि साकळलेलं रक्त सापडलं, आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. इंग्रजीत त्यांचा लेख १९७४ साली आला. भारतातली पहिली नोंद १९७७ ची, 'इंडियन पेडिअॅट्रिक्स'मधली. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून हा आजार धरून ठेवला नसता, तर माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांना तो पुस्तकातलाच राहिला असता.

काही वर्षांपूर्वी कपिस्तलमकडच्या एका खेड्यातून दीड वर्षाचा मुलगा माझ्याकडे आणला होता. आई-वडील घाबरलेले, ताप किती दिवस यावर दोघांचं एकमत होईना. आई चार म्हणाली, वडील आठवडा म्हणाले. आधी एका ठिकाणी दोन वेळा अँटिबायोटिक बदललेलं होतं आणि चिठ्ठीवर फक्त औषधांची नावं होती. मुलाचे डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ चिरलेले. पाठीवर पुरळ. दंडावर बीसीजीची जुनी खूण लालबुंद होऊन फुगलेली, आणि आपल्याकडच्या लहान मुलांत ही फार बोलकी खूण आहे. हातापायांचे तळवे सुजलेले. एवढं असल्यावर माझ्या मनात शंका राहिली नव्हती, पण कितवा दिवस हे कळल्याशिवाय पुढचं ठरत नव्हतं.

तेव्हा मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पाट्टीने, म्हणजे मुलाच्या आजीने, कमरेच्या पिशवीतून कागदांची एक चळत काढून माझ्यापुढे धरली. तमिळ घरांत रोजचं पान फाडायचं कॅलेंडर असतं, राहुकाळ आणि यमगंडम छापलेलं. त्याची सहा पानं होती. प्रत्येक पानावर बॉलपेनने उभ्या रेघा ओढलेल्या, एक रेघ म्हणजे तापाच्या औषधाचा एक घोट. पहिल्या पानावर एकच रेघ, पुढे चार, पाच. चौथ्या पानावर हळदीचे डाग होते.

"पाट्टी, ही पानं कशाला ठेवलीत?"

"डॉक्टरम्मा, मला लिहिता येत नाही. प्रदोषाला पालैवननाथाच्या देवळातून आले तेव्हा मान गरम लागली. ते हे पान. डाग आहे ना, त्या दिवशी अंगावर उठलं, मी अम्मै समजून हळद लावली."

तिरुप्पालैत्तुरैचं हे देऊळ पापनाशमला लागूनच, कुडमुरुट्टीच्या काठी. त्याच्या आवारात नायकांच्या काळातलं भाताचं गोल कोठार अजून उभं आहे. प्रदोष म्हणजे त्रयोदशी, तारखेचा वाद मिटला. पुरळ चौथ्या दिवशी, आज सहावा. त्या बाईने जे ठेवलं होतं त्याला मी रुग्णनोंद म्हणते, आणि त्या दिवशी माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत तेवढाच उपयोगाचा होता.

दिवसाला एवढं महत्त्व का, तर दोन्ही बाजूंना धोका आहे म्हणून. नियम असा की ताप पाच दिवस टिकला आणि पाचपैकी चार खुणा असल्या की कावासाकी धरावा. चारही खुणा ठळक असतील तर चौथ्या दिवशीही. त्याआधी औषध द्यायला गेलं तर साध्या विषाणूच्या तापाला हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन टोचलं जाण्याची भीती. ते महाग आहे, तुटवड्याचं आहे, आणि ते रक्तातून आलेलं आहे. दुसऱ्या टोकाला दहावा दिवस. धमनीची भिंत दुसऱ्या आठवड्यात खचते, म्हणून औषध त्याआधी जायला हवं. जुन्या वैद्यकात मोजणी थांबायला शिकवत होती. इथे तीच मोजणी आता थांबू नका म्हणून सांगते. पुन्हा पहिल्या आठवड्यात हृदयाचा एको स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. मला हे पालकांना दर वेळी समजवावं लागतं, कारण पैसे भरून केलेली तपासणी चांगली आली की घरी जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत तर अनेकदा चार खुणा भरतच नाहीत. कधी ताप आणि चिडचिड एवढंच असतं, आणि धमनीला सगळ्यांत जास्त धोका त्यांनाच.

औषधाचा इतिहासही दिवसांनीच लिहिला गेला. आधी नुसती अॅस्पिरिन होती. १९८४ मध्ये जपानच्या फुरुशो यांनी इम्युनोग्लोब्युलिनचा गुण दाखवला, पाच दिवस रोज थोडं थोडं देऊन. १९८६ मध्ये अमेरिकेत जेन न्यूबर्गर यांच्या गटाने चार दिवस देऊन पाहिलं. सात आठवड्यांनी नुसत्या अॅस्पिरिनवरच्या मुलांत धमनीचे दोष सुमारे १८ टक्के, आणि हे औषध मिळालेल्यांत ४ टक्के. १९९१ मध्ये सगळी मात्रा एकदम, वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, दहा-बारा तासांत देणं अधिक चांगलं ठरलं. स्टेरॉइडची गोष्ट वेगळी. १९७९ च्या एका जपानी अभ्यासात ते घेतलेल्या मुलांत फुगे जास्त दिसले म्हणून कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. २०१२ मध्ये जपानमध्येच ज्या मुलांना धोका जास्त त्यांना सुरुवातीपासून इम्युनोग्लोब्युलिनबरोबर दिल्यास फायदा होतो असं निघालं. एका छोट्या अभ्यासाने घातलेली भीती तीस वर्षं टिकली, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या मुलाला त्याच संध्याकाळी तंजावरला नेलं. वडिलांनी बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "नाही दिलं तरी ताप जाईल ना?" मी हो म्हणाले, ताप जाईल. आणि मग कागदावर हृदय काढून ताप गेल्यावर काय राहतं ते दाखवलं. हा प्रश्न टाळून चालत नाही. खरं उत्तर ऐकल्यावरच त्यांचा निर्णय झाला. रात्रभर थेंब थेंब औषध गेलं, दुसऱ्या दिवशी अंग निवलं. एकोत धमनी किंचित रुंदावलेली होती, दीड-दोन महिन्यांनी ती पूर्ववत आली. दुसऱ्या आठवड्यात बोटांची सालं निघाली तेव्हा पाट्टी अजिबात घाबरली नाही, तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

दहा ते वीस टक्के मुलांचा ताप पहिल्या मात्रेने जात नाही. औषध संपून छत्तीस तास झाले आणि ताप टिकून राहिला किंवा पुन्हा आला, तर दुसरी मात्रा, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांचा विचार करावा लागतो. इथे मोजणी तासांवर येते आणि पॅरासिटामॉलने दबलेला ताप मोठा घोटाळा करतो. आया सांगतात, "ताप नाही." विचारलं की कळतं, दोन तासांपूर्वी औषध दिलेलं असतं. पाट्टीच्या रेघा मला म्हणूनच आठवतात. औषधाचा घोट आणि ताप एकाच पानावर असल्याशिवाय पानाला अर्थ नाही.

२०२० मध्ये ही सगळी मोजणी एकदा हलली. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ताप, लाल डोळे, पुरळ आणि पोटदुखी होऊन हृदयच ढासळू लागलं. चेहरा कावासाकीचा, पण मुलं मोठी आणि वेग भलताच. जागतिक आरोग्य संघटनेने मेमध्ये केलेल्या व्याख्येत ताप पाचऐवजी तीन दिवसांचा धरला. पाचव्या दिवसाची वाट पाहत बसायला सवड नव्हती. त्याच वर्षी ५ जूनला ९५ वर्षांचे कावासाकी वारले.

आज पापनाशमच्या आसपास मूल तापलं की बसने तासाभरात एकोच्या यंत्रापर्यंत पोचता येतं. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. सरकारी असो की खासगी, बाह्यरुग्ण चिठ्ठीवर आम्ही डॉक्टर लिहितो "ताप × ३ दिवस". तीच चिठ्ठी घेऊन मूल दोन दिवसांनी दुसऱ्याकडे जातं, तो घाईत तीनच वाचतो, त्याच्या चिठ्ठीवर पुन्हा तीनच येतं. दोन दिवस असे कागदावरच हरवतात, आणि पाच ते दहा यांच्यामध्ये मुळात हाती असतात मोजकेच दिवस. माझ्या दवाखान्यात मी ही पद्धत बंद केली. चिठ्ठीच्या डोक्यावर एकच ओळ असते, ताप सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, सकाळ की संध्याकाळ, आणि ज्यांना तारीख आठवत नाही त्यांना मी सण, अमावस्या, आठवडी बाजार, प्रदोष असं विचारत मागे नेते. परिचारिकेला सांगून ठेवलं आहे की ही ओळ कोरी असली तर मूल माझ्यापुढे आणायचं नाही. चौथ्या दिवशी खुणा दोन किंवा तीनच असतील तर मी त्या कुटुंबाला पाचव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नव्हे, नाश्ता करून, कपड्यांची पिशवी घेऊन या म्हणते, म्हणजे गरज पडली तर थेट तंजावरची गाडी धरता येते. आणि बरं झालेल्या मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर मी लाल शाईने लिहून देते की इम्युनोग्लोब्युलिन दिलं त्या तारखेपासून अकरा महिने गोवराची आणि कांजिण्यांची लस नको, कारण गावातली नर्स चांगल्या हेतूने ती आधीच टोचायला येते.